ऑफिसातली स्क्रिप्टिंगची भाषा: लिस्पपासून दोन पायथनपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आर्किटेक्टच्या ऑफिसांत स्क्रिप्टिंग, म्हणजे छोटे प्रोग्राम लिहून तीच ती कामं सॉफ्टवेअरकडून करून घेणं, आलं ते लिस्प या भाषेच्या रूपात. नकाशे काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरला १९८६ च्या सुमारास ऑटोलिस्प हे स्वतःचं लिस्प मिळालं. इथल्या ड्राफ्ट्समनपर्यंत ते पोचलं तयार फाइल बनून: एरिया काढणारं लिस्प, पार्किंगला नंबर टाकणारं लिस्प. पेनड्राइव्हवर मिळायचं, ॲपलोड (APPLOAD) या कमांडने ऑटोकॅडमध्ये चढवायचं. आतले कंस फारसं कोणी उघडून बघत नसे. मधला व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेचा काळ लवकर ओसरला. ऑटोकॅड २०१० पासून ते वेगळं डाऊनलोड करावं लागतं. थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरांपैकी स्केचअपला रुबी ही भाषा होती, राइनोला व्हीबीस्क्रिप्टवर बेतलेली स्वतःची भाषा. म्हणजे आधी सॉफ्टवेअर ठरायचं, भाषा त्याच्यामागून यायची.

खरा गोंधळ पायथनने घातला. ‘पायथन शीक, सगळीकडे चालतं’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. राइनो ५ मध्ये आणि डायनॅमोत (रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं ठोकळे जोडून स्क्रिप्ट बनवण्याचं साधन) जे पायथन आलं ते आयर्नपायथन २.७, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर चालणारं. त्यामागे कारण होतं. रेव्हिटची एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेलं दार, डॉटनेटचीच, त्यामुळे भिंत, लेव्हल, फॅमिली (दार-खिडकीसारखे तयार घटक) यांना थेट हात घालता यायचा. पण नमपाय, पांडाज यांसारख्या आकडेमोडीच्या लायब्ररी त्यात चालत नसत, आणि पर्यावरणीय विश्लेषण करणाऱ्यांना नेमक्या त्याच हव्या असायच्या.

पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्याच वर्षी डायनॅमो २.७ मध्ये सीपायथन ३, म्हणजे नेहमीचं मूळ पायथन, आलं. पुढे आयर्नपायथन मूळ इन्स्टॉलेशनमधून निघून वेगळं पॅकेज झालं. डायनॅमोतल्या जुन्या स्क्रिप्ट, म्हणजे ग्राफ, अडखळू लागले. प्रिंटला कंस नसला की निदान एरर तरी येते. भागाकार मात्र गुपचूप बदलतो. जुन्यात ७/२ म्हणजे ३, नव्यात ३.५. खांबांची विभागणी करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा फरक किती महाग पडेल, हे सांगायला नको. शिवाय फॅमिली लोड करताना लागणारा इंटरफेस सीपायथनमध्ये पूर्वीसारखा सरळ लिहिता येईना. राइनो ८ ने २०२३ मध्ये दोन्ही पायथन शेजारी शेजारी ठेवली. तो मार्ग जास्त समंजस वाटतो.

तरीही इथे लिस्प का टिकलं, याचं उत्तर बांधकाम मंजुरीच्या नकाशांत आहे. ऑनलाइन छाननीला फाइल जाते तेव्हा प्लॉट, मार्जिन, बिल्टअप हे सगळं ठरावीक नावाच्या लेअरवर, बंद पॉलिलाइनने (टोकं जुळलेल्या सलग रेषेने) लागतं. राज्याच्या बहुतेक भागाला लागू होणारी एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली तेव्हा तक्ते बदलले, पण कामाचं स्वरूप तेच राहिलं. अशी लेअरची साफसफाई लिस्प चुटकीसरशी करतं. स्वस्तातली ऑटोकॅडसारखी सॉफ्टवेअरंही लिस्प वाचतात, हा आणखी एक फायदा. उलट ऑटोकॅड एलटी ही स्वस्त, मर्यादित आवृत्ती घेतलेल्या छोट्या ऑफिसांना एलटी २०२४ येईपर्यंत लिस्प चालवताच येत नव्हतं.

आता चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेणं वाढलंय. तिथेही रेव्हिटची आवृत्ती आणि पायथनचं इंजिन आधी सांगावं लागतं. नाहीतर दोन्ही पायथनची खिचडी हातात पडते.