आधी कोण पडेल, बैठं घर की टॉवर?

किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की सोलापुरात कुणीतरी म्हणतंच, "आपल्याकडे तसा भूकंप झाला तर हे नवे टॉवर आधी जातील, बैठी घरं वाचतील." 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालं ते उलटंच. हजारो माणसं दगावली ती बहुतेक बैठ्या, माळवदाच्या म्हणजे जड मातीच्या सपाट छताच्या घरांखाली.

उंचीचा संबंध असतो, पण वेगळाच. तो घरी बघता येतो. प्लायवूडच्या फळीवर हॅक्सॉच्या तीन ब्लेड उभ्या आवळा. वर 8, 16 आणि 24 सेंटीमीटर उरू द्या. टोकांना सारख्याच वजनाचे जड नट लावा. फळीखाली गोट्या ठेवून ती ब्लेडच्या रुंद बाजूच्या दिशेने मागेपुढे हलवा. सावकाश हलवलीत तर सगळ्यात उंच ब्लेड पिसाटते, बाकीच्या फळीबरोबर नुसत्या सरकतात. वेग वाढवा, मधली नाचू लागते आणि सगळ्यात उंच ब्लेडचं टोक जवळजवळ जागीच राहतं. आखूड ब्लेडसाठी हात फारच भराभर चालवावा लागतो.

कारण ताठपणात आहे. ब्लेडची लांबी दुप्पट झाली की तिचा ताठपणा आठपट घटतो, कारण तो लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एका झोक्याचा काळ 2π√(m/k); m म्हणजे टोकाचं वस्तुमान, k म्हणजे ताठपणा. म्हणजे k आठपट कमी झाला की काळ √8, सुमारे 2.8 पट. तिप्पट लांबीला 5.2 पट. धक्का या काळाशी जुळला की प्रत्येक फेरीत ऊर्जेची भर पडत जाते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याच्या अंगाला ही लय ठाऊक असते.

इमारतीचा काळ ढोबळमानाने मजल्यामागे 0.1 सेकंद. 1985 साली मेक्सिको सिटीखालची जुन्या तळ्याची मऊ माती सुमारे 2 सेकंदांच्या लयीत डोलली आणि मार बसला तो मुख्यतः 6 ते 15 मजली इमारतींना. दहा मजल्यांचा काळ तर 1 सेकंद! पण तडे गेले की k घटतो, काळ लांबतो आणि इमारत स्वतःच त्या लयीकडे सरकते. वास्तुदोष काढायला तळमजल्याचा खांब तोडणारे महाभाग हाच k कमी करतात, आणि वर दक्षिणाही देतात.

मात्र मॉडेल डोलणं दाखवतं, ताकद नाही. त्याच दगडामातीचं दहापट लहान घर केलं तर वजन हजारपट घटतं, पायाचं क्षेत्रफळ शंभरपटच. दाब दहावा हिस्सा उरतो. असं घर उगाच मजबूत भासतं. म्हणूनच जपानमधल्या 'ई-डिफेन्स' या भूकंप-चाचणी केंद्राच्या 20 बाय 15 मीटरच्या हलत्या टेबलावर अख्खी खरी घरं हलवतात.

किल्लारीच्या भिंती मात्र छोट्या रूपातही समजतात. खडे चिखलात रचून, मध्ये भर घालून आतला आणि बाहेरचा अशा दोन थरांची भिंत करा, माळवद म्हणून वर वाळूची पिशवी ठेवा आणि फळी हलवा. थर एकमेकांपासून सुटून फुगतात, मग पिशवी खाली येते. पुढच्या वेळी दोन्ही थरांत आरपार जाणारे लांब खडे मधूनमधून घाला. भिंत बराच वेळ तग धरते.