करंट कुठे अडला? जुन्या गाड्यांच्या इग्निशनची पार्श्वभूमी

त्र्यंबक रस्त्यावर पहिला जोराचा पाऊस झाला की जुन्या पेट्रोल गाड्या मिसिंग करू लागतात (मधेच ठिणगी चुकून इंजिन अडखळतं), हे नाशिकच्या गॅरेजांना नवीन नाही. नवीन एवढंच, की बोनेट उघडायच्या आधी पोरगा स्कॅनर घेऊन डॅशबोर्डखाली सॉकेट शोधतो. आपल्याकडे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सची, म्हणजे गाडीतल्या संगणकाने स्वतः दोष नोंदवण्याची, सक्ती एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. पद्मिनी, अॅम्बेसेडर, पेट्रोल जीप किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती यांच्यात ते सॉकेट सापडणार कुठून? दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या फियाट आता त्या वयात आल्या आहेत. त्यामुळे या गाड्यांचा दोष शोधायचा कसा, हा प्रश्न अजून काही वर्षं तरी संपत नाही.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणं ही सुरुवातीपासूनची डोकेदुखी. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत बॅटरी आणि तिचा दाब वाढवणारी थरथरणारी कॉइल होती. पुढे फोर्डच्या मॉडेल टीमध्येही १९२७ पर्यंत प्रत्येक सिलिंडरला तशीच एकेक कॉइल राहिली. तिची पात गुणगुणायची, आणि तो आवाज बदलला की कोणती कॉइल बिघडली ते कानाला कळायचं. युरोपात बॉशने वेगळी वाट धरली. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड या त्यांच्या इंजिनिअरने हाय टेन्शन मॅग्नेटो (चुंबकाच्या जोरावर स्वतःच उच्च दाबाची वीज बनवणारं यंत्र) आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. बॅटरीची गरजच संपली. मात्र मॅग्नेटो महाग, आणि हँडल हळू फिरलं तर ठिणगी दुबळी.

आज जुन्या गाडीत जे दिसतं ते चार्ल्स केटरिंगचं. त्याच्या डेल्को कंपनीची इग्निशन १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि दोनच वर्षांनी त्याच गाडीत त्याचा इलेक्ट्रिक सेल्फ. एक कॉइल, करंट जोडणारा-तोडणारा एक पॉइंट, एक कंडेन्सर आणि करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर. (आपले मेकॅनिक त्याला डेल्कोच म्हणतात.) पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेढ्यांतून तीन-चार अँपिअर वाहतात. पॉइंट उघडले की ते चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक वेढ्यांत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो. चार सिलिंडरचं इंजिन चार हजार आरपीएमवर असेल, तर हे सेकंदाला १३३ वेळा घडतं.

माझ्या मते केटरिंगचं मोठं काम ठिणगी स्वस्त करणं नव्हे. त्याच्या रचनेचे दोन उघड भाग पडतात: बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा बारा व्होल्टचा, आणि कॉइलच्या मधल्या तोंडापासून प्लगपर्यंतचा हजारो व्होल्टचा. दोष कोणत्या भागात आहे हे आधी ठरवता येतं, तेही एका बल्बवर आणि एका वायरवर. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारला आणि तो लुकलुकला, तर अलीकडचा, बारा व्होल्टचा भाग चालू आहे. सतत जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत. अजिबात जळला नाही तर एकतर पुरवठाच पोचत नाही, नाहीतर पॉइंटकडची वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. लॅम्प लुकलुकतोय आणि तरी प्लगला ठिणगी नाही, तर पुढचं बघायचं: कॉइलचे आतले वेढे, मधली वायर, कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण), रोटर (त्याच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), प्लगच्या वायरी. पन्नास-साठ वर्षं भारतातल्या रस्त्याकडेच्या गॅरेजांचं शिक्षण या एका फाट्यावर झालं.

हे तंत्र आपल्याकडे रुजलं ते देशात भाग बनायला लागल्यावर. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यातून अॅम्बेसेडर. १९६१ पासून मद्रासची लुकास-टीव्हीएस कंपनी त्यांच्यासाठी विजेचे भाग बनवू लागली. प्लग बंगळुरूच्या मायकोचे, म्हणजे १९५१ मध्ये सुरू झालेल्या बॉशच्या भारतीय कंपनीचे. तिचा सातपूरचा कारखाना नाशिककरांना सांगायला नको, चौकालाच तिचं नाव आहे. गंमत अशी की सातपूरला बनत आले ते डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर, म्हणजे ज्या इंजिनात ठिणगीच नसते त्याचे भाग. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. चौकाचं झालं नाही.

आता दोष. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. पॉइंट उघडणारी फायबरची टाच झिजते तशी फट कमी होते आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं, गाडी चढाला जड वाटते. पॉइंट उघडताना तिथे आर्क होऊ नये म्हणून सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. तो बिघडला की पॉइंट जळतात, ठिणगी पिवळी आणि मरतुकडी होते. एका पॉइंटवर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला, तर पॉलिश पेपर मारून उपयोग नाही, कंडेन्सरकडे बघायला हवं. याउलट फट नीट लावूनही टायमिंग नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलेला असतो. शाफ्ट धरून हलवला की कळतं, आणि सातपूर-अंबड पट्ट्यातल्या एखाद्या लेथवर नवा बुश करून घेता येतो.

पावसाळ्यातल्या मिसिंगचं कारण बहुधा हाय टेन्शन बाजूला. कॅपच्या आत दमट थर बसला की करंट प्लगऐवजी बाजूच्या पितळी टोकावर किंवा बॉडीवर उडी मारतो. असं बरेच दिवस चाललं तर बॅकेलाइटवर केसासारखी काळी रेघ जळून उमटते आणि मग ऊन पडलं तरी गाडी सुधारत नाही. अशी कॅप पुसून भागत नाही, बदलावी लागते. जुन्या वायरींची परीक्षा अंधारात करतात: इंजिन चालू ठेवून बोनेट उघडायचं, निळसर ठिणग्या वायरीवरून सरपटताना दिसतात. पाण्याला वैतागलेले आपणच नाही. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या मागेच बसवला होता, आणि पावसाच्या देशात ती गाडी पावसात बंद पडायची.

कसारा घाटाचं प्रकरण जास्त अवघड. मे महिन्यात भरलेली गाडी चढताना बंद पडते, अर्धा तास थांबलं की सुरू होते. यात दोन संशयित असतात. पेट्रोल पंपात वाफ धरणं हा एक, आणि तापल्यावर आतलं इन्सुलेशन सोडणारी कॉइल हा दुसरा. दोघंही थंड झाले की साळसूद. पंपावर ओलं फडकं टाकायची रीत सगळ्यांना माहीत आहे, पण तेवढ्या वेळात कॉइलही निवते, म्हणून फडक्याने काहीच सिद्ध होत नाही. परीक्षा बंद पडल्या क्षणीच व्हायला हवी: जादा प्लग वायरीला लावून त्याची बॉडी इंजिनला टेकवायची आणि सेल्फ मारायचा. कडक निळी ठिणगी आली तर इग्निशन निर्दोष. इगतपुरीला पोचून गॅरेजात दाखवू म्हटलं की पुरावा गेलाच.

निफाडकडच्या थंडीत प्रश्न उलटा. गार इंजिन फिरवायला सेल्फ इतका करंट खेचतो की बॅटरीचा दाब नऊ-दहा व्होल्टवर घसरतो, आणि नेमक्या त्याच वेळी कॉइलला बळ हवं असतं. यावर तोडगा म्हणून कमी व्होल्टची कॉइल आणि तिच्या वाटेत करंट कमी करणारा एक बॅलास्ट रेझिस्टर आला. सेल्फ मारताना रेझिस्टर बाजूला राहतो आणि कॉइलला बॅटरीचा थेट दाब मिळतो. अशा गाडीत चावी फिरवून धरली की इंजिन पेटतं आणि सोडली की विझतं, असं झालं तर बॅलास्ट तुटला. बाजारातून आणलेली बॅलास्टची कॉइल साध्या गाडीला लावली तर ती तापून मरते. कॉइल घेताना मीटरवर प्रायमरी तपासावी: साधारण तीन ओहम असेल तर साधी, दीडच्या आसपास असेल तर बॅलास्टची.

प्लगचा रंग वाचायची कला मात्र थोडी जुनी झाली आहे. काळी काजळी म्हणजे जास्त पेट्रोल किंवा दुबळी ठिणगी, तेलकट ओला प्लग म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड, पांढरा फटक म्हणजे जास्त उष्णता. हे अजून खरं. पण ज्या फिकट तपकिरी रंगाला आदर्श मानत, त्यात पेट्रोलमधल्या शिशाचाही वाटा होता. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि तो रंग पूर्वीसारखा दिसत नाही. तो आणायच्या नादात कार्ब्युरेटर पिळत बसणारे मात्र दिसतात.

पॉइंट गेले ते प्रदूषणाच्या कायद्यांमुळे. अमेरिकेत उत्सर्जनाची पातळी पन्नास हजार मैल टिकली पाहिजे असा नियम आला, आणि झिजणारा पॉइंट त्यात बसेना. १९७३ च्या क्रायस्लर गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट आलं, जनरल मोटर्सने १९७५ च्या गाड्यांत आणलं. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. मिसिंग करणारं सिलिंडर न जळलेलं पेट्रोल त्यात सोडतं आणि कन्व्हर्टर तापून वितळतो. तेव्हापासून मिसिंग ही ड्रायव्हरने सहन करायची कुरकुर राहिली नाही. पुढे संगणकावर तिच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी आली ती यातूनच.

नव्वदच्या दशकातल्या गाड्या मधल्या काळातल्या: बाहेरून डिस्ट्रिब्युटर तोच, आत पॉइंटऐवजी शाफ्टचं फिरणं टिपणारा पिकअप आणि करंट तोडणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. इथे जुनी सवय महागात पडते. चालू इंजिनाची वायर उपसून ठिणगी किती लांब उडते ते बघणं पॉइंटच्या गाडीत खपून जायचं. इलेक्ट्रॉनिकमध्ये दाब तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत चढतो. वाट मिळाली नाही तर तो कॉइल किंवा मॉड्यूल फोडून बाहेर पडतो, नाहीतर मेकॅनिकच्या हातातून. वायर मोकळी न सोडता जादा प्लग अर्थ करूनच बघावं.

हल्ली बरेच हौशी मालक पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्येच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून घेतात. बाजारातल्या हलक्या कंडेन्सरांचा दर्जा पाहता ते समजण्यासारखं आहे. फट लावायची कटकट जाते, थंडीतलं स्टार्टिंग सुधारतं. फक्त पॉइंट हळूहळू बिघडतात, मॉड्यूल एकदम जातं, आणि ते रस्त्यात पॉलिश पेपरने दुरुस्त होत नाही. म्हणून मॉड्यूल बसवून झाल्यावरही जुनी पॉइंटची प्लेट, एक चांगला कंडेन्सर आणि फट मोजायचं फीलर गेज डिकीत ठेवलेलं बरं.