खाऱ्या पाण्यातील गळमासेमारी : काठी आणि रिळाची निवड

समुद्र, खाडी किंवा नदीमुख यांच्या खाऱ्या पाण्यात गळ टाकून मासा धरताना काठी (रॉड), रीळ आणि दोरी ही तीन वेगळी साधने राहत नाहीत. माशाने झटका मारला की तिन्हींवर एकाच वेळी ताण येतो आणि त्यांतले जे सर्वांत कमजोर असेल ते तुटते. म्हणून निवडीची सुरुवात मासा आणि जागा यांपासून करावी. त्यावरून दोरी ठरते, दोरीवरून काठी, आणि रीळ सर्वांत शेवटी. दुकानात नेमके उलटे घडते. आधी रीळ नजरेत भरते, मग रिळाला शोभेल अशी काठी घेतली जाते आणि दोरी उरलेल्या पैशांत येते. नव्या माणसाच्या हातून मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा या उलट्या क्रमामुळे.

काठीशिवायही मासा गळाला लागतो. कोकणात तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) हाताने किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून, शिसे बांधून गरवायची रीत आजही चालू आहे, आणि होडीतून थेट खाली दोर सोडायचा असेल तर ती पुरेशी आहे. काठीमुळे तीन गोष्टी साधतात : आमिष लांब फेकता येते, माशाचा झटका काठीच्या वाकण्यात जिरतो, आणि दोरी खडकाच्या धारेपासून उचलून धरता येते. रिळामुळे चौथी गोष्ट मिळते. जोर धरलेल्या माशाला मोजून दोरी सोडता येते.

इतिहास : दांड्याला काटकोनात बसणाऱ्या, दंतचक्रांनी वेगाने फिरणाऱ्या रिळाचा (मल्टिप्लायर) अमेरिकेतील विकास एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकी राज्यातील घड्याळ कारागिरांनी केला. इंग्लंडमधील वस्त्रोद्योगातले आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या (फिरकी म्हणजे दोरी गुंडाळली जाते तो भाग) रिळाचे पेटंट घेतले. आजचे स्पिनिंग रीळ याच कल्पनेतून आले. समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी खरी अडचण वेगळी होती. सुरुवातीच्या रिळांत मासा पळाला की हँडल उलटे गरगरायचे आणि बोटे मोडायची. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर गळाने मासे धरणारे विल्यम बोशेन आणि रीळ बनवणारे ज्युलियस फोम होफ यांच्या प्रयत्नांतून आतल्या आत घसरणारा, चांदणीच्या आकाराच्या चाकाने कमीजास्त होणारा ड्रॅग, म्हणजे चकत्यांच्या घर्षणाने दोरी ताणाखाली हळूहळू सोडणारी योजना, पुढे आला. १९१३ मध्ये बोशेन यांनी काठी-रिळाने तलवार मासा धरून दाखवला. काठ्यांच्या बाबतीत बांबूची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूने घेतली आणि १९७० च्या दशकात कार्बन तंतूच्या काठ्या बाजारात आल्या.

दोरी : नायलॉनची एकेरी दोरी, म्हणजे तंगूस, ताणली जाते, स्वस्त असते आणि खडकावर थोडीफार घासणे सोसते. पॉलिएथिलीनच्या धाग्यांची विणलेली दोरी (ब्रेड) तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते. त्यामुळे ती लांब जाते, प्रवाहात कमी ओढली जाते आणि रिळावर जास्त मावते. ती जवळजवळ ताणत नाही, म्हणून माशाची बारीकशी टोच हातापर्यंत पोहोचते. मात्र कालवे चिकटलेल्या खडकाला ताणलेली ब्रेड लागली की क्षणात कापली जाते. म्हणून तिच्या टोकाला जाड नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बन या प्लास्टिकचा लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांमधला तुकडा, बांधतात. सुरमईसारख्या धारदार दातांच्या माशासाठी लीडरच्या टोकाला तारेचा छोटा तुकडा लागतो.

जपानी पद्धतीत ब्रेडची जाडी पीई क्रमांकाने सांगतात. पीई १ म्हणजे २०० डेनियर (धाग्याच्या जाडीचे माप), सुमारे ०.१६५ मिलिमीटर. तिचा तुटण्याचा ताण मात्र बनावटीप्रमाणे बदलतो, म्हणून वेष्टनावरचे पौंड आणि पीई क्रमांक दोन्ही पाहावेत. ब्रेड गुळगुळीत असते. मोकळ्या फिरकीवर ती थेट गुंडाळली तर संपूर्ण गठ्ठाच घसरत राहतो आणि ड्रॅग बिघडल्याचा भास होतो. त्यासाठी खाली तंगुसाचे काही वेढे आधी घालतात.

काठी : काठीवर दोन गुण स्वतंत्रपणे वाचायचे असतात. पहिला जोर (पॉवर), म्हणजे ती वाकवायला किती ताकद लागते. दुसरा बाक (ॲक्शन), म्हणजे ती कुठे वाकते. फक्त टोकाकडे वाकणारी काठी ‘फास्ट’. तिने ल्यूर (कृत्रिम आमिष) नेमकी फेकता येते आणि गळ पटकन रुततो. मधल्या भागापर्यंत वाकणारी ‘मॉडरेट’ काठी जिवंत आमिष किंवा कोळंबी फेकताना बरी, कारण झटक्याने आमिष गळावरून निसटत नाही. ब्रेड ताणत नसल्यामुळे तिच्यासोबत फार ताठ काठी घेतली तर माशाच्या तोंडात गळाचे भोक रुंदावते आणि मासा किनाऱ्यापाशी येऊन सुटतो. हे लक्षात घेऊन नवशिक्याने एक पायरी मऊ काठी घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लांबीचा प्रश्न तरफेचा आहे. लांब काठी दूर फेकते, पण तेवढीच ती माशाच्या बाजूने काम करते. दोरीवर ८ किलोचा ताण आणि वाकलेल्या काठीचे टोक हातापासून आडवे २ मीटर पुढे असेल, तर मनगट, कंबर आणि पाठ यांना ८ × २ = १६ (किलो गुणिले मीटर) इतका पीळ सोसावा लागतो. तोच ताण १ मीटरवर निम्मा त्रास देतो. त्यामुळे होडीवरच्या काठ्या साडेपाच-सात फुटांच्या असतात आणि खडकावरून फेकायच्या नऊ-दहा फुटांच्या. मासा जवळ आल्यावर काठी डोक्यावर उभी करून त्याला उचलण्याचा मोह टाळावा. सगळा ताण बारीक टोकावर येतो आणि कार्बनची काठी तिथेच मोडते.

काचतंतूची काठी जड आणि मऊ, पण होडीच्या कडेवर आपटली तरी टिकते. कार्बनची हलकी आणि जास्त जाणीव देणारी, पण एका ओरखड्याने कमकुवत होणारी. भाड्याच्या होडीवर, जिथे सामान एकमेकांवर पडलेले असते, तिथे दोन्हींचे मिश्रण असलेली काठी उत्तम. कार्बन वीजवाहक आहे, हेही विसरू नये. मे महिन्यात कोकणात वळीव गडगडू लागला की कार्बनची काठी ताबडतोब खाली ठेवून उघड्या खडकावरून निघावे. विजेच्या तारांखालीही ती कधी उभी धरू नये.

दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांकडे फार कमी गिऱ्हाइके पाहतात. चौकट गंजरोधक पोलादाची किंवा टायटॅनियमची असावी, आतली रिंग सिरॅमिकची. सिलिकॉन कार्बाइडची रिंग कठीण असते आणि उष्णता लवकर वाहून नेते. रिंगेला केसाएवढी चीर पडली तरी ब्रेड तिथे झिजत जाते. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तो अडकला की चीर सापडली. जुनी काठी विकत घेताना ही तपासणी आधी, बाकी सगळे नंतर.

रीळ : स्पिनिंग रिळात फिरकी स्थिर राहते, दोरी तिच्या काठावरून सुटत जाते. शिकायला सोपे, हलके आमिषही फेकता येते. दोष एकच, दोरीला पीळ पडतो. मासा दोरी ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिले, तर ५:१ गतीच्या (हँडलच्या एका फेऱ्यात पाच वेढे घालणाऱ्या) रिळात प्रत्येक फेऱ्यागणिक पाच पीळ भरतात. ड्रॅग बोलत असताना, म्हणजे दोरी सुटत असताना, हात थांबवायचा, ही पहिली सवय. मल्टिप्लायर रिळात फिरकीच फिरते. ते सरळ ओढायला ताकदवान आणि ट्रोलिंगला (चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्याला) सोयीचे असते, पण फेकताना अंगठ्याचा ताबा सुटला की दोरीचा असा गुंता होतो की कात्रीच चालवावी लागते. किनाऱ्यावरून सुरुवात करणाऱ्याने स्पिनिंग रीळच घ्यावे.

ड्रॅग हा रिळाचा आत्मा. माहितीपत्रकात १२, १५, २० किलो असे आकडे असतात. ते बहुतेकांना कधीच लागत नाहीत. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवायचा असतो. ३० पौंडांची, म्हणजे साधारण १३.६ किलोची ब्रेड असेल, तर ३.४ ते ४.५ किलो. हा आकडा हाताच्या अंदाजाने कधीच बरोबर येत नाही. काठी वाकवून दोरीच्या टोकाला साधा ताणकाटा लावून एकदा मोजावा. ड्रॅगमध्ये महत्त्वाचा त्याचा नितळपणा. पहिल्या क्षणी अडखळून मग सुटणारा ड्रॅग कितीही मोठा असला तरी दोरी तोडतो. कार्बनच्या चकत्या तापल्यावरही बऱ्यापैकी सारख्या चालतात.

आणखी एक गोष्ट अनुभवी माणसांच्याही ध्यानातून जाते. दोरी जसजशी सुटत जाते तसतसा फिरकीवरचा गठ्ठा बारीक होतो, पण चकत्यांचे घर्षण तेवढेच राहते. गठ्ठ्याचा व्यास निम्मा झाला की दोरीवरचा ताण दुप्पट होतो. मासा दूर पळाला म्हणून ड्रॅग आवळणारा माणूस दोन्हींकडून दोरीवर भार टाकतो. लांब पळणाऱ्या माशासाठी मोठी फिरकी घ्यायची ती एवढ्यासाठीच.

गतीबाबत : साठ मिलिमीटर व्यासाच्या फिरकीवर ५:१ गतीने एका फेऱ्यात सुमारे ९४ सेंटिमीटर दोरी येते, ६.२:१ गतीने ११७. सुरमईला झपाट्याने पळणारे आमिष आवडते, तिथे जास्त गती हवी. खडकाच्या भोकात शिरू पाहणाऱ्या हेकरू माशाला पहिल्या दोन फेऱ्यांत वर उचलायचे असते, तिथे कमी गतीचे ताकदवान रीळ कामाचे.

जागेप्रमाणे : दाभोळ, जयगड, राजापुरीसारख्या खाड्यांत आणि गोव्यात मांडवी-जुवारीच्या पात्रात जिताडा (गोव्यात चोणक) आणि तांबोशी हे मुख्य मासे. दोन्ही पुलाच्या खांबांपाशी आणि कालवे चिकटलेल्या दगडांत दबा धरतात आणि आमिष तोंडात घेताच तिकडेच परततात. इथे सात-आठ फुटांची, १० ते ४० ग्रॅम ल्यूर फेकणारी काठी, ३००० ते ४००० आकाराचे रीळ (हा कंपनीचा आकार-क्रमांक, जितका मोठा तितके रीळ मोठे), २० ते ३० पौंडांची ब्रेड आणि ४०-५० पौंडांचा लीडर लागतो. लढत पहिल्या पाच सेकंदांत ठरते, त्यामुळे ड्रॅग मोजलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवतात.

उघड्या समुद्राकडच्या खडकावरून नऊ-दहा फुटांची काठी आणि ५००० ते ६००० चे रीळ. पुळणीवरून तळाशी आमिष ठेवायचे तर अकरा-तेरा फुटांची काठी, मोठी फिरकी आणि ८० ते १५० ग्रॅम शिसे. काठीची फेकण्याची क्षमता निवडताना उधाणाचा विचार करावा. भांगाच्या दिवसांत जागेवर राहणारे शिसे अमावास्या-पौर्णिमेच्या ओढीत वाहून जाते. दुसरीकडे, हलक्या काठीने जड शिसे फेकायला गेल्यास काठी फेकतानाच मोडते. होडीतून जिगिंगसाठी (धातूचे जड आमिष खाली सोडून झटक्यांनी वर ओढण्यासाठी) सहा फुटांची काठी आणि पीई ३-४ पुरते. अंदमानात मोठ्या ट्रेव्हली माशासाठी पृष्ठभागावर पॉपर (पाणी उडवत तरंगणारे कृत्रिम आमिष) फेकतात, तो वेगळाच प्रांत. जपानमध्ये २००६ मध्ये या जातीचा ७२.८ किलोचा मासा काठीने धरला गेला. त्यासाठीची पीई ८ ची दोरी आणि १४००० ते २०००० ची रिळे आपल्या खाडीत केवळ ओझे ठरतील.

मीठ : गोड्या पाण्यासाठी बनवलेले रीळ समुद्रावर नेले तर ते चालते, पण थोडे दिवस. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि दोन वेगळे धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज आतून सुरू होतो. बेअरिंगची संख्या मोठी असणे हा गुण नाही. थोडी, पण झाकबंद आणि गंजरोधक असतील तर ती बरी. मॅग्नेशियमचे शरीर हलके असते, पण वरचा लेप खरवडला की झपाट्याने खाल्ले जाते. ॲल्युमिनियम किंवा दर्जेदार कार्बन-मिश्रित प्लास्टिक खाऱ्या पाण्याला अधिक सोसते. एकूण खर्चाचा मोठा वाटा रिळावर आणि दोरीवर करावा, मध्यम किमतीची काठी वर्षानुवर्षे साथ देते.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट आवळून, म्हणजे पाणी चकत्यांत जाणार नाही, रीळ गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धरावे. जोराचा फवारा मारू नये. त्याने मीठ धुतले जाण्याऐवजी फटींतून आत ढकलले जाते. काठीच्या कड्या आणि रीळ बसते तो खाचेचा भागही धुवावा. नंतर कापडाने पुसून, सावलीत वाळवून, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा. आवळलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिलेल्या चकत्या दबून एकमेकींना चिकटतात आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच चांगल्या माशावर अडखळतात.