मेल उघडला आणि फोन वाजला

परवा ठाणे स्टेशनला स्लो लोकलची वाट बघत होतो, घोडबंदर रोडच्या कुठल्याशा नव्या टॉवरचा मेल आलेला, सहज उघडला, आणि गाडी कळव्याला पोचायच्या आत सेल्सवाल्याचा फोन. "सर, ब्रोशर बघितलंत ना?" सोबतचा मित्र म्हणे फोन आपलं बोलणं ऐकतो रे. अरे पण मी कोणाशी बोललोच नव्हतो!

भानगड मेलमध्येच आहे. हल्लीचा मेल म्हणजे छोटंसं वेबपेजच, आणि त्यातले फोटो बऱ्याचदा मेलसोबत येतच नाहीत, नुसता पत्ता येतो, मेल उघडला की आपलं ॲप त्या पत्त्यावरून फोटो मागवतं. आता गंमत बघा, त्यातच एक फोटो असा टाकतात की एक पिक्सेल (स्क्रीनवरचा एक ठिपका) रुंद, एक पिक्सेल उंच, पारदर्शक, साधारण ४३ बाइटचा. डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण त्याच्या पत्त्यात प्रत्येकासाठी वेगळा आकडा, माझा वेगळा तुमचा वेगळा. फोटो मागवला गेला की समोरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ओळ पडते, अमुक आकडा, इतके वाजून इतकी मिनिटं, आयपी ॲड्रेस (आपल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता), यूजर एजंट (कुठल्या ॲप-फोनवरून मागवला ते). म्हणजे कोणी कधी मेल उघडला ते कळलं. रजिस्टर्ड पोस्टाची पोचपावतीच, फक्त इथे पोस्टमन सही मागत नाही.

जीमेल डिसेंबर २०१३ पासून फोटो स्वतःच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत आणतं, म्हणून आयपी गूगलचा दिसतो, पण आकडा पोचायचा तो पोचतोच. ॲपलने २०२१ मध्ये उलटी युक्ती केली, मेल उघडा न उघडा, फोटो आधीच आणून ठेवायचे, म्हणजे ती पोचपावतीच खोटी.

बाकी फुकट मेलवाले काही साधुसंत नाहीत. १ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी जागा घेऊन आलं तेव्हा जाहिरातींसाठी मेलमधला मजकूर मशीनने चाळला जायचा, ते बंद करायचं २०१७ मध्ये ठरलं. आणि "माझा डेटा वापरायला मी परवानगी देत नाही" असं स्टेटसला टाकणारे लोक, त्यापेक्षा गंडा बांधा, निदान हातावर दिसतो तरी!

खरा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलाय, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे.

मी तोवर जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन "बाहेरच्या इमेज दाखवण्याआधी मला विचार" असं करून ठेवलं. काल त्याच टॉवरचा मेल परत आला, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. फोन काही आला नाही.