भट्टीचा लेप: शेल्फचा वेगळा, भिंतीचा वेगळा

बडोद्यात मातीकाम करणाऱ्यांपैकी कोणी ‘भट्टीला लेप दिला’ असे सांगितले, की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कुठे?’ शेल्फवर (भट्टीत भांडी ठेवायच्या फळीवर) दिलेला लेप, भिंतीच्या विटांवर दिलेला लेप आणि सिरॅमिक फायबरवर (उष्णता अडवणाऱ्या कापसासारख्या तंतूंच्या थरावर) फवारलेला लेप, या तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. मात्र तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून आले. एकाची कृती दुसरीकडे वापरल्याने नुकसान झाल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून ही नोंद.

कुंभाराच्या आव्यावर, म्हणजे उघड्यावर रचलेल्या भट्टीवर, खापऱ्या, राख आणि वरून ओल्या मातीचे लिंपण असते. उष्णता धरून ठेवली की त्याचे काम संपले; दुसऱ्या दिवशी ते फोडूनच भांडी काढतात. विटांची कायमची भट्टी आली तेव्हा आतला पृष्ठभाग पुन्हा पुन्हा जाळ सोसून टिकवण्याची गरज निर्माण झाली. त्यातला मोठा धडा मिठाच्या झिलईने दिला. भट्टी पूर्ण तापल्यावर मीठ टाकले की सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाशी मिळून काच बनवते. जुन्या गटारांतले तपकिरी चकचकीत पाईप याच रीतीचे. पण ही वाफ भांडे आणि वीट यांत फरक करत नाही. भट्टीच्या भिंती आणि शेल्फही चकाकू लागतात, भांडी त्यांना चिकटतात. अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) प्रमाण जास्त असलेल्या पृष्ठभागावर मात्र ही काच सहजी धरत नाही. लाकडाच्या भट्टीत राखेतले पोटॅश आणि चुना हेच काम सावकाश करतात.

शेल्फचा लेप, ज्याला सगळे ‘वॉश’ म्हणतात, तो यातूनच आला आणि त्यावर आता फारसा वाद उरलेला नाही. अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन (पांढरी चिनी माती) निम्मे-निम्मे, त्यातले अर्धे केओलिन आधी भाजून घेतलेले, म्हणजे वाळताना लेप आकसून तडकत नाही. ताकाइतके पातळ, ब्रशचे दोन-तीन हात, कडेला बोटभर पट्टी कोरी. शेल्फच्या खालच्या बाजूला थेंबही नको, कारण तिथली पापडी सुटली की खालच्या थाळीच्या मधोमध पडते. अ‍ॅल्युमिनाच्या जागी सिलिका घातली तर स्वस्त पडते आणि विजेच्या भट्टीत चालूनही जाते. लाकडाच्या किंवा मिठाच्या भट्टीत तीच सिलिका काच होऊन बसते.

खरा गुंता भिंतीच्या लेपाचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागले आणि जगभर भट्ट्या बांधणारे जड फायरब्रिक सोडून हलक्या इन्सुलेशन विटांकडे आणि फायबरकडे वळले. हलकी वीट छिद्रांनी भरलेली असते, नखाने ओरखडा काढला तरी भुगा पडतो. तिच्यावर काहीतरी कवच हवे असे कुणालाही वाटेल. त्याच सुमारास अंतराळयानांसाठी झालेल्या संशोधनाचा हवाला देत भट्टीच्या लेपांची विक्री सुरू झाली: लेप उष्णता परत फेकतो, भट्टी लवकर तापते, इंधन वाचते.

‘परत फेकतो’ या शब्दांपाशी थांबायला हवे, कारण आजही निवड चुकते ती इथेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला गेलेला नियम सांगतो की पृष्ठभाग जितका चांगला शोषतो तितकाच चांगला उत्सर्जित करतो. अपारदर्शक पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता (किरणरूपाने उष्णता सोडण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.९ असेल, तर तो पडलेल्या उष्णतेपैकी एक दशांशच परावर्तित करणार. म्हणजे एकच लेप ‘उच्च उत्सर्जनाचा’ आणि ‘परावर्तक’ असा दोन्ही असू शकत नाही. तरी माहितीपत्रकांत हे दोन शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात. १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या स्पेस शटलच्या पोटाखालच्या काळ्या फरशांवरचा लेप उच्च उत्सर्जनाचाच होता, पण तो उष्णता अवकाशात फेकून देण्यासाठी. भट्टीत तोच गुण वेगळ्या कारणाने उपयोगी पडू शकतो. गॅसची ज्योत ठराविक तरंगलांबींतच उष्णता सोडते. पांढऱ्या विटेची किंवा फायबरची उत्सर्जनक्षमता जास्त तापमानाला निम्म्याच्या आसपास येते. लेप दिलेली भिंत ज्योतीची उष्णता शोषून सर्व तरंगलांबींत भांड्यांकडे सोडते. वेगाने तापवायच्या गॅसभट्टीत याचा काही फायदा मानता येतो. विजेच्या बंद भट्टीत, सगळे सावकाश एकाच तापमानाला येत असताना, भिंतीची उत्सर्जनक्षमता कितीही असली तरी आतल्या किरणोत्सर्गात जवळपास फरक पडत नाही. बाहेर जाणारी उष्णता विटेच्या जाडीवर ठरते. माझ्या मते लेपाचे पैसे विटेच्या आणखी एका थरात घालावेत.

बडोद्यात हा वाद जास्त रंगला, कारण इथल्या छोट्या कार्यशाळा विजेच्या भट्टीवर चालतात. काही वर्षांपूर्वी फतेहगंज भागातल्या एका कार्यशाळेत भिंतींना सोडियम सिलिकेटने बांधलेला लेप दिला होता. पहिल्या काही भाजण्या छान झाल्या. मग एक कॉइल, म्हणजे भिंतीच्या खाचेत बसवलेले तापणाऱ्या तारेचे वेटोळे, तुटली. टॉर्च लावून पाहिले तर लेपाची पापडी खाचेत घसरून कॉइलला टेकली होती. तिथे तारेवर हरभऱ्याएवढा काळसर काचेचा थेंब आणि त्याच ठिकाणी तार तुटलेली. लोह-क्रोम-अ‍ॅल्युमिनियमची तार स्वतःवर अ‍ॅल्युमिनाची पातळ साय धरते आणि त्यावरच जगते. अल्कली आणि सिलिका ती साय खाऊन टाकतात. तेव्हापासून कॉइल असलेल्या भिंतीला मी हात लावू देत नाही.

फायबरचे प्रकरण आरोग्याशी जोडलेले आहे आणि त्यात टाळाटाळ नको. १९८८ मध्ये कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संस्थेने सिरॅमिक फायबरला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या गटात टाकले. १९९७ मध्ये युरोपनेही त्याचे धोकादायक म्हणून वर्गीकरण केले. शिवाय १००० अंशांच्या वर वारंवार तापलेल्या फायबरचा काही भाग क्रिस्टोबलाइट होतो, तो सिलिकाचाच, फुप्फुसांना घातक असा प्रकार. राकूसाठी (भांडी लालभडक असतानाच भट्टीतून काढण्याच्या पद्धतीसाठी) ड्रमला आतून फायबर लावतात आणि झाकण लालभडक असतानाच उघडतात. तंतू उडतात ते तेव्हा. इथे कोलॉइडल सिलिका किंवा झिर्कोनियाचा लेप तंतू बांधून ठेवतो, आणि तो द्यावाच. शरीरात विरघळणारे नवे फायबर मिळतात, पण १२८० अंशांच्या स्टोनवेअरसाठी (जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट भांड्यांसाठी) त्यातले बहुतेक पुरे पडत नाहीत.

लेपाचा आणखी एक पैलू ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुरानंतर समोर आला. पाणी शिरलेल्या भट्ट्यांत लेप नसलेल्या विटा हळूहळू सुकल्या. लेप दिलेल्या विटा वरून कोरड्या दिसत होत्या, आतून ओल्याच. अशा एका भट्टीत घाईने पेटवणी झाली आणि वाफेने लेपाचे तळहाताएवढे तुकडे सुटून शेल्फवर पडले. आता आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये झाकण वितभर उघडे ठेवून १०० अंशांच्या खाली रात्रभर भट्टी चालवतो, आणि सकाळी फटीशी धरलेल्या आरशावर वाफ धरली तर आणखी एक रात्र.