माळाची उसंत
मृगाचा पाऊस झाला की लातूर जिल्ह्यातल्या औसा-देवणीकडचे माळ हिरवे होतात आणि पोळ्याच्या आत पुन्हा बोडके दिसू लागतात. बोल लागतो जनावरांना, शेळीला तर जास्तच. खरं म्हणजे शेळीचा जीव गवतापेक्षा बोरी-बाभळीच्या पाल्यात.

गवताचं पान शेंड्याकडून नाही, बुडाकडून वाढतं. म्हणून गाईने वरचं पान तोडलं तरी ठोंब मरत नाही. बुडाशी आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर तो फुटतो. नवी पानं ऊन खाऊन ती उधारी फेडतात. फेड व्हायच्या आतच कोवळ्या फुटव्याला पुन्हा तोंड लागलं, की मुळं आखडतात, ठोंब खंगतो. मारवेल, पवन्यासारखी चवदार गवतं आधी संपतात आणि टोचरी कुसळी माजते. गुरं किती, यापेक्षा ती त्याच ठोंबावर किती लवकर परततात ते महत्त्वाचं, हे फ्रान्सचे चराईचे अभ्यासक आंद्रे व्हॉइझँ यांनी १९५०च्या दशकात मांडलं. उपाय सोपा: माळाचे भाग पाडायचे, एकात चराई, बाकीचे राखायचे. निम्मं गवत उभं असतानाच कळप पुढे हाकायचा. पाऊस ओढला तर विश्रांती लांबवायची.

हिरव्या गवतात ओमेगा-३ गटातलं एक मेदाम्ल असतं. त्यातलं बरंचसं कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू बदलून टाकतात, उरलेलं मांसात आणि दुधाच्या चरबीत उतरतं. गाईच्या तुपाचा पिवळेपणा गवतातल्या कॅरोटीनचा. वाळल्या कडब्यात ते फार थोडं उरतं. परदेशात गवतावर वाढलेल्या जनावराची ही चर्चा बीफभोवती फिरते. आपल्याकडे, महाराष्ट्रात, २०१५पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे प्रश्न देवणी, लाल कंधारी या जातींच्या गाईंच्या दुधाचा आणि उस्मानाबादी बोकडाच्या मटणाचा. पण हुरळून जाऊ नये: ओमेगा-३च हवं असेल तर चमचाभर जवसाची चटणी कितीतरी पुढे आहे.

गुरांच्या ढेकरांतून निघणाऱ्या, हवामान तापवणाऱ्या मिथेन वायूचा हिशेबही सरळ नाही. नुसत्या गवतावर जनावर सावकाश वाढतं, म्हणून मांसाच्या किलोमागे मिथेन खुराकावरच्या जनावरापेक्षा सहसा जास्तच. राखलेल्या माळाची माती थोडा कार्बन धरते, पण काही दशकांनी तीही भरते. मला पटतो तो दुसरा फायदा: मुळं खोल गेली की वळवाचं पाणी वाहून न जाता मुरतं.

अडचण गायरानाची. ते सगळ्यांचं. मी राखलेला तुकडा रात्रीतून शेजाऱ्याच्या गुरांनी चरला, तर पुढच्या वर्षी मी कशाला राखू?