वास येतो म्हणजे सेप्टिक टाकी भरली, असे नव्हे

घरात मैल्याचा वास आला की टाकी भरली आणि नहाणीत फिनाइल किंवा ॲसिड ओतले की तो जाईल, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. वापरात नसलेल्या नहाणीची जाळी काढून बॅटरीच्या उजेडात पाहावे: बहुतेक वेळा ट्रॅपमधील, म्हणजे जाळीखालच्या वायू अडवणाऱ्या वाकड्या भागातील, सुमारे ५० मिलिमीटर पाणी आटलेले असते व टाकीतील वायू सरळ आत येतो, दोन तांबे पाणी ओतले की तो थांबतो. वास अंगणात येत असेल, तर टाकीतील वायू बाहेर सोडणारी वायुनळी छपराच्या वर नेली आहे का, तिची जाळी कोळिष्टकांनी बुजली आहे का, हे पाहावे. ॲसिडने मैला कुजवणारे जिवाणूच मरतात. टाकी दर २-३ वर्षांनी यंत्राने उपसावीच. तिच्यात माणूस मात्र कधीही उतरवू नये, कारण आतील हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू क्षणात जीव घेतो.